विषय: मैत्री करणेबाबत

४ जानेवारी

प्रति, ताई.
विषय: उजव्या डोळ्यासाठी एक माणूस हवा असल्याबाबत.

ताई,

उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढायचा ठरला आहे. तारीख २६ फेब्रुवारी. डोळ्यांच्या दवाखान्याने एक फॉर्म दिला, तो मी जागच्या जागी भरला. वय त्रेसष्ट, वजन, आधीचे आजार, कशाची अ‍ॅलर्जी, सगळं. शेवटी एक रकाना राहिला. 'सोबत येणाऱ्या व्यक्तीचे नाव.' त्याखाली ठळक छापलंय की सोबत सज्ञान व्यक्ती नसल्यास ऑपरेशन केले जाणार नाही.

मी खिडकीतल्या बाईंना सांगितलं, मी स्वतः सज्ञान आहे. त्या म्हणाल्या, "काका, तुम्ही सोडून दुसरं कोणीतरी." मी म्हटलं, मी पस्तीस वर्षं लिफ्ट इन्स्पेक्टर होतो, चालू लिफ्टच्या टपावर एकटा उभा राहिलोय. त्या म्हणाल्या, "पुढचा नंबर."

तेव्हा तू ये. दोन दिवस पुरतील. घर लावून झालं आहे. बिल्डिंग सात मजली, मी तिसऱ्यावर. राहायला येऊन तीन महिने झाले. शेजारी बरे असावेत. अजून कोणाशी बोलण्याचा प्रसंग आलेला नाही.

उत्तर मोठ्या अक्षरात लिहावे. बारीक दिसत नाही.

आपला,
(सही)


९ जानेवारी

छोट्या,

घे, मोठ्या अक्षरात लिहिते आहे. सख्ख्या बहिणीला 'आपला' लिहून पुढे कंसात 'सही' असं लिहिणारा माणूस जगात तू एकटाच असशील. सही करायची असते रे, 'सही' असं लिहायचं नसतं.

मला येता येणार नाही. पाय मोडलाय. डावा. गुडघ्यापर्यंत प्लास्टर आहे आणि ते मार्चच्या मध्यापर्यंत काढणार नाहीत. घाबरू नकोस, घरातल्या घरात घसरले, बाकी काही नाही. लायब्ररी चालू आहे. बालविभागातल्या बुटक्या स्टुलावर पाय ठेवून बसते, आणि येणारं प्रत्येक मूल प्लास्टरवर काहीतरी काढून जातं. सध्या माझ्या नडगीवर दोन मगरी आणि एक विमान आहे.

फोन करू नकोस. फोनवर तू 'हं' म्हणतोस, मी 'हं' म्हणते आणि मग आपण दोघं घड्याळाकडे बघतो.

आता मुद्द्याचं. तीन महिन्यांत एकाही माणसाशी बोलला नाहीस? सात मजले, म्हणजे किमान चौदा दारं, आणि एक माणूस मिळत नाही? तुझ्या हातात सात आठवडे आहेत. एक मित्र कर. दोन मागत नाही.

कसा करायचा हे तुला ठाऊक नाही, ते मला ठाऊक आहे. मोठ्या माणसांसाठी लिहिलेली असली पुस्तकं मी चाळली, त्यात नुसता उपदेश. मुलांच्या पुस्तकात पद्धत असते. शिवाय अक्षरं मोठी असतात, म्हणजे तुझ्या डोळ्याचीही सोय झाली. सोबत 'सायाळीला हवी मैत्रीण' पाठवते आहे. सोळा पानं आहेत, झेपेल.

आमच्या लायब्ररीचा नियम तुलाही लागू आहे. पुस्तक परत करताना त्याबद्दल तीन वाक्यं सांगायची, त्याशिवाय पुढचं पुस्तक मिळत नाही. आणि वेळेवर परत कर. सभासद क्रमांक एकेचाळीस या पुस्तकासाठी थांबून राहिली आहे. वय वर्षं सात. माझ्यापेक्षा कडक आहे.

ताई


१९ जानेवारी

प्रति, ताई.
विषय: 'सायाळीला हवी मैत्रीण' या पुस्तकाचा निरीक्षण अहवाल.

ताई,

तीन वाक्यं खालीलप्रमाणे. सायाळ घरोघर जाऊन "माझ्याशी मैत्री करशील का?" असं विचारते. पान नऊवर सायाळ, ससा आणि अस्वल एकाच फांदीवर बसलेले दाखवले आहेत. फांदीची जाडी पाहता अस्वलाने ताबडतोब उतरायला हवं होतं, पण पुस्तकाच्या शेवटपर्यंत फांदी मोडत नाही, ही लेखकाची मेहरबानी.

पुस्तकात सांगितलेल्या पद्धतीने कामाला लागलो. तपासणी नेहमी वरून खाली करतात, म्हणून सुरुवात सातव्या मजल्यापासून करायचं ठरवलं. स्वच्छ शर्ट घातला, लिफ्टमध्ये शिरलो. पाचव्या आणि सहाव्या मजल्याच्या मध्ये एक आवाज आला. ताई, तो आवाज मी झोपेतही ओळखेन. तसाच वर गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत गेलो आणि दोर बघितला. तारा तुटायला लागल्या होत्या. अकरा मोजल्या. पुढे मोजायची गरज नव्हती. खटका बंद केला, 'धोका. वापरू नये.' अशी पाटी लावली, खाली येऊन हात रुमालाला पुसले आणि सातव्या मजल्यावरची बेल वाजवली.

तिथे दातांचे डॉक्टर राहतात. दवाखानाही घरातच आहे. माझ्याच वयाचे, पांढरा कोट, कपाळावर दिवा. मी म्हटलं, "माझ्याशी मैत्री कराल का?" ते म्हणाले, "लिफ्ट का थांबली ते आधी सांगा." मी सांगितलं. त्यावर ते बरंच काही बोलले. तुझ्याकडे लहान मुलं येतात, म्हणून इथे लिहीत नाही. थोडक्यात, त्यांच्या पेशंटना आता सात मजले चढावे लागणार.

मी त्यांची समजूत घातली की पेशंट वर पोचेल तेव्हा धापा टाकत असेल, म्हणजे तोंड आधीच उघडं मिळेल आणि तुमचा तेवढा वेळ वाचेल. मी हे मनापासून म्हटलं होतं. त्यांनी दार लावून घेतलं.

माझ्या जागी आलेले नवे इन्स्पेक्टर येऊन बघून गेले. माझं म्हणणं तंतोतंत बरोबर आहे असं लिहून दिलं. नवा दोर यायला सहा-सात आठवडे लागतील.

एक प्रगती नमूद करतो. आता बिल्डिंगमधले सगळे मला ओळखतात.

आपला,
भाऊ


२४ जानेवारी

छोट्या,

तुझं पत्र वाचताना इतकी हसले की स्टूल उलटलं आणि मग हसता हसता ओरडले. मैत्री करायला गेलास आणि सात मजल्यांची लिफ्ट बंद करून आलास! अरे, भांडण उकरून काढणारी माणसंसुद्धा इतकी जोरदार सुरुवात करत नाहीत.

तू चौथीत होतास तेव्हाही हेच केलं होतंस. शाळेच्या झोपाळ्याची साखळी झिजलीय म्हणून झोपाळा दोरीने बांधून ठेवलास आणि मधल्या सुट्टीभर त्याच्यासमोर पहारा देत उभा राहिलास. साखळी खरंच झिजली होती, मी स्वतः बघितली होती. पण कोणी तुझ्याशी आठवडाभर बोललं नाही, आणि तूही कोणाला 'पडाल रे, म्हणून बांधला' एवढं सांगितलं नाहीस. मी सहावीच्या खिडकीतून बघत होते. अजून डोळ्यांपुढे येतं ते.

असो. तुझी तीन वाक्यं मी फळ्यावर लावली. एकेचाळीस नंबरने पान नऊ काढून नीट तपासलं, तुझं म्हणणं तिला पटलं, आणि तिने पानाला चिठ्ठी चिकटवली आहे: 'अस्वलाने उतरावे'. पुस्तक आता सगळ्यांना त्या चिठ्ठीसकट जातं.

पुढचं पुस्तक 'खारीने काय दिलं?' खारीला सगळ्यांत प्रिय असलेला अक्रोड ती नव्या शेजाऱ्याला देऊन टाकते. उरलंसुरलं द्यायचं नाही, आपल्याला जे सर्वांत आवडतं ते द्यायचं. डॉक्टरांपासूनच सुरुवात कर. सगळ्यांत जास्त चिडलेल्या माणसाशी निदान बोलणं तरी झालेलं असतं.

आणि काहीही बंद करू नकोस.

ताई


४ फेब्रुवारी

प्रति, ताई.
विषय: अक्रोडाबाबत.

ताई,

तीन वाक्यं. खार अक्रोड देते. कासवाला दात नसतात, त्यामुळे त्याला अक्रोड फोडता येणार नाही हे देण्यापूर्वी तपासलेलं दिसत नाही. तरी कासव रडतं, आणि ते का रडतं हे मला दुसऱ्यांदा वाचल्यावर कळलं.

मला सर्वांत प्रिय काय, याचा दोन दिवस विचार केला. उत्तर एकच येत होतं. माझी सात नंबरची वही. पस्तीस वर्षांत मी तपासलेले लिफ्टचे सगळे अपघात त्यात आहेत, माझ्या हातच्या आकृत्यांसह. तीन रंगांत.

बुधवारी डॉक्टर जिना चढताना माझ्या दारासमोर दम खायला थांबले. मी वही पुढे केली. त्यांना धाप लागलेली असल्यामुळे नको म्हणता आलं नाही.

शुक्रवारी सकाळी दार वाजलं. दारात डॉक्टर. दाढी वाढलेली, डोळे लाल. म्हणाले, "ती लग्नाच्या दिवशी नऊ तास अडकलेली मुलगी, तिचं पुढे काय झालं?" मी सांगितलं, दुसऱ्या दिवशी लग्न झालं, पण तळमजल्यावर. ते म्हणाले, "नशीब!" आणि मी न सांगताच खुर्चीवर बसले. मग आम्ही दुपारपर्यंत बसलो होतो. प्रत्येक आकृतीवर त्यांना प्रश्न होते. आजवर मला कोणी असे प्रश्न विचारले नव्हते, ताई. ऑफिसात सगळे म्हणायचे, वही कपाटात ठेवा.

जाताना त्यांनी कोटाच्या खिशातून रुमालात गुंडाळलेली वस्तू काढली. प्लास्टरचा जबडा. वरचा-खालचा दोन्ही. बत्तीसच्या बत्तीस दात, एकही वाकडा नाही. म्हणाले, "चाळीस वर्षांत असा एकच मिळाला. ठेवा तुम्ही." मी तो रेडिओवर ठेवला आहे. सकाळी उठल्यावर समोर कोणीतरी हसताना दिसतं, बरं वाटतं.

लिफ्ट लवकर सुरू करा म्हणून बिल्डिंगच्या मीटिंगमध्ये आरडाओरडा झाला, तेव्हा डॉक्टरांनी उभं राहून वहीतली सोळावी आकृती सर्वांना दाखवली. मीटिंग तिथेच संपली. एक गृहस्थ तर घरी जाताना जिन्याचा कठडाही तपासत होते.

दवाखान्यात सोबत येण्याबाबत चर्चा सुरू आहे.

आपला,
भाऊ


८ फेब्रुवारी

छोट्या,

जबड्याबद्दल अभिनंदन. मला आयुष्यात फुलं मिळाली, पुस्तकं मिळाली, एकदा कुणीतरी मांजरही दिलं. जबडा कोणी दिला नाही. माणूस चांगला दिसतोय.

पण 'चर्चा सुरू आहे' म्हणजे काय ते मी ओळखते. तू त्यांना अजून विचारलेलंच नाहीस. दुपारपर्यंत बसलात, लग्नाच्या मुलीबद्दल बोललात आणि 'माझ्याबरोबर दवाखान्यात याल का?' एवढं तोंडातून निघालं नाही. अठरा दिवस राहिलेत, आणि डोळा काही तुझ्या संकोचासाठी थांबणार नाही.

म्हणून हे तिसरं पुस्तक, 'चिखलात हत्ती'. हत्ती बारा पानं चिखलात रुतून बसतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, "मी इथे मजेत आहे." तेराव्या पानावर मुंगीला म्हणतो, "मला मदत कर." एकेचाळीस नंबरचं मत असं की हत्ती मूर्ख आहे, त्याने पहिल्याच पानावर विचारायला हवं होतं. मी म्हटलं, मग पुस्तक एका पानाचं झालं असतं. ती म्हणाली, "चाललं असतं."

विचार. स्पष्ट विचार.

ताई


१५ फेब्रुवारी

प्रति, ताई.
विषय: झालेल्या प्रकाराबाबत.

ताई,

या वेळी तीन वाक्यं जमत नाहीत. हत्तीचं पुस्तक मी पुरतं वाचलं. चौथ्या पानावरचा त्याचा चेहरा आणि माझा, आरशात पडताळून पाहिला.

मी तू सांगितल्याप्रमाणे केलं. विचारायचं ठरवलं. पण शब्द कसे जुळवायचे ते कळेना. पस्तीस वर्षं मी लोकांना नोटिसा दिल्या, विनंती अशी कधी केलेली नाही. तेव्हा जे येतं तेच केलं. बुधवारी सकाळी डॉक्टरांच्या दाराला पुढील मजकूर चिकटवला. प्रत माझ्याकडे आहे, ती उतरवतो:

'विषय: मैत्री करणेबाबत. आपणांस सूचित करण्यात येते की, आपल्या व खाली सही करणाराच्या दरम्यान मैत्री झाल्याचे दि. ३० रोजी निदर्शनास आले आहे. सबब आपण दि. २६ रोजी सकाळी साडेसात वाजता डोळ्यांच्या दवाखान्यात जातीने हजर राहावे. सात दिवसांच्या आत लेखी खुलासा न आल्यास आपणांस मैत्री मान्य नाही असे समजून पुढील कार्यवाही करण्यात येईल.'

तेव्हापासून डॉक्टर माझ्या दारासमोर थांबत नाहीत. काल तर मी दार उघडलं तेव्हा ते अक्षरशः पळत वर गेले. त्या वयात, त्या जिन्यावरून, एका दमात. चार दिवस झाले. खुलासा आलेला नाही.

मला वाईट वाटतंय, ताई. फॉर्मचं जाऊ दे. त्यांना वहीतली बाविसावी आकृती समजावून सांगायची राहिली होती.

भाऊ


१८ फेब्रुवारी

छोट्या,

मी कपाळाला हात लावून बसले आहे. 'निदर्शनास आले आहे'! 'पुढील कार्यवाही'! अरे, कार्यवाही म्हणजे काय करणार होतास, त्यांनाही कुलूप लावून वर पाटी टांगणार होतास?

हे पत्र हातात पडताच ते टेबलावर ठेव आणि वर जा. शर्ट बदलू नकोस. कागद घेऊ नकोस. पेन तर मुळीच घेऊ नकोस. दार उघडलं की तोंडाने बोल. काय बोलायचं ते मी लिहून देणार नाही, नाहीतर तू तेच वाचून दाखवशील.

जा.

ताई


२२ फेब्रुवारी

ताई,

गेलो. तुझं पत्र वाचलं आणि चपला न घालताच चार मजले चढलो.

डॉक्टरांनी दार साखळी लावून उघडलं. मी म्हटलं, "माझं डोळ्याचं ऑपरेशन आहे. मला कोणी नाही. बहिणीचा पाय मोडलाय. तुम्ही याल का माझ्याबरोबर?" एका श्वासात म्हटलं. मग आणखी काय म्हणायचं ते माहीत नव्हतं म्हणून "चपला घालायच्या राहिल्या," असंही म्हणालो.

त्यांनी साखळी काढली. म्हणाले, "अहो, एवढंच होतं होय!" झालं होतं असं, की त्यांचा भाचा वकील आहे. त्यांनी माझी नोटीस त्याला फोनवर वाचून दाखवली. त्याने बजावलं की मामा, लेखी उत्तर तयार होईपर्यंत समोरच्या पार्टीशी एक अक्षर बोलायचं नाही, नाहीतर ते तुमच्याविरुद्ध वापरतील. म्हणून ते पळत होते. उत्तर मात्र रोज रात्रीच्या जेवणानंतर थोडं थोडं लिहीत होते. वकिली भाषा येत नाही म्हणून त्यांनी दाढ काढण्यापूर्वी पेशंटकडून घेतात त्या संमतिपत्रावरून लिहिलं आहे. मला दिलं. त्यात असं आहे:

'मला मैत्री या प्रक्रियेची पूर्ण कल्पना देण्यात आली आहे. प्रक्रियेदरम्यान दुखू शकते, सूज येऊ शकते, क्वचित प्रसंगी बोलणे बंद होऊ शकते, याची मला जाणीव आहे. तरीही मी पूर्ण शुद्धीत, कोणत्याही दबावाशिवाय, संमती देत आहे.'

खाली सही. साक्षीदार म्हणून भाच्याची.

ते मी तिथेच, उभ्या उभ्या वाचलं. डावा डोळाही भरून आला, त्यामुळे शेवटची ओळ त्यांना वाचून दाखवावी लागली.

एक अडचण आहे. 'डोळ्याचं ऑपरेशन' असं मी दुसऱ्यांदा म्हटल्यावर ते भिंतीला टेकले. म्हणाले, दाढा, हिरड्या, रक्त, काहीही सांगा, चाळीस वर्षं तेच करतोय. पण डोळ्याचं नाव काढलं की घेरी येते. कॉलेजातही यायची, म्हणून तर दातांकडे वळलो. मी म्हटलं, मग राहू दे. ते म्हणाले, "राहू दे काय? सही केली आहे मी."

फॉर्ममध्ये त्यांचं नाव भरलं. पेन त्यांचंच वापरलं.

भाऊ


२ मार्च

ताई,

ऑपरेशन झालं. सगळं ठीक आहे. हे डाव्या डोळ्याने लिहितो आहे, ओळी तिरक्या गेल्या तर समजून घे.

आता खरं काय घडलं ते. साडेसातला हजर झालो. डॉक्टरांनी डोळ्यांच्या दवाखान्यात डोळ्यांकडे बघायचंच नाही असं ठरवलं होतं. पण तिथे भिंतीवर टेबलाएवढ्या डोळ्याचं चित्र लावलेलं आहे, आतून कापलेलं. त्यांनी त्याच्याकडे पाठ केली, तर समोर दुसरं होतं. मला आत नेलं तेव्हा ते मोज्यांकडे बघत बसले होते. अर्ध्या तासाने मला बाहेर आणलं, तर खुर्ची रिकामी. मी सिस्टरना विचारलं, माझ्यासोबतचे कुठे गेले? त्या म्हणाल्या, "तुमच्या शेजारच्या पलंगावर आहेत."

सुटी देताना सिस्टर गोंधळल्या. कोण कोणाला घेऊन जाणार, असं त्यांनी दोनदा विचारलं. आम्ही दोघांनीही "मी यांना" असं सांगितलं. शेवटी त्यांनी फॉर्मवर 'एकमेकांसोबत रवाना' असं लिहिलं. माझ्या नोकरीत असा शेरा मी कधीच चालवून घेतला नसता. घरी आणून फ्रेम केला आहे.

जिना चढताना मी त्यांचा दंड धरला, त्यांनी माझा. मला उजवीकडचं दिसत नव्हतं, त्यांना भोवळ येत होती. दुसऱ्या मजल्यावरच्या लोकांनी दार उघडून खुर्च्या दिल्या, आणि लिफ्टबद्दल कोणी एक शब्द काढला नाही.

आता ते दिवसातून चार वेळा खाली येऊन माझ्या डोळ्यात औषध घालतात. घालताना स्वतःचे डोळे घट्ट मिटतात. पहिल्या दिवशी दोन थेंब कानात गेले आणि एक जबड्यावर. आता सुधारणा आहे. मी "थोडं डावीकडे, खाली, हं, थांबा" असं सांगतो. लिफ्ट मजल्याच्या पातळीवर आणायला हेल्परला सांगायचो तसंच.

पण हे पत्र दुसऱ्याच कारणासाठी लिहितोय. पट्टी बांधून पडून होतो, करायला काही नव्हतं, म्हणून विचार केला. ताई, ज्या दवाखान्यात तुझ्या पायाला प्लास्टर घातलं, तिथेही फॉर्म असेल. त्यातही तो रकाना असेल. पाय मोडलेल्या बाईला ते एकटीला सोडणार नाहीत. तू माझ्यासारखीच एकटी राहतेस. मग तुझ्या फॉर्मवर नाव कोणाचं होतं? तू पडलीस हे मला मी पत्र लिहिल्यावर कळलं, त्याच्या आधी नाही. आणि 'घरातल्या घरात' हे मला पहिल्यापासून पटलेलं नाही. तुझ्या घरात घसरण्याइतकी मोकळी जमीन नाही, सगळीकडे पुस्तकं आहेत.

उत्तर दे. तीन वाक्यं चालतील.

भाऊ


७ मार्च

छोट्या,

तीन वाक्यांत नाही जमणार.

घरात पडले नाही. लायब्ररीत पडले. बालविभागात एक घसरगुंडी आहे, लाल, माझ्या कंबरेएवढी. दुपारी मुलं नव्हती. अकरा वर्षं मी त्या घसरगुंडीकडे बघत टेबलाशी बसते आहे. त्या दिवशी म्हटलं, एकदा. वर चढले, छान बसले, आणि खाली येताना पाय आधी पोचला. तुला सांगितलं नाही, कारण तू पुढच्या गाडीने येऊन घसरगुंडीला पाटी लावली असतीस.

फॉर्मवर नाव तुझं होतं.

सिस्टर म्हणाली, सोबत कोण आहे? मी म्हटलं, धाकटा भाऊ आहे, खाली गाडीपाशी थांबलाय. तिने रकान्यात लिहिलं, 'भाऊ'. मग मला चाकाच्या खुर्चीतून खाली आणलं, आणि तिथे टॅक्सीवाला उभा होता. मी त्याला हळूच म्हटलं, "दोन मिनिटं माझा भाऊ हो." झाला बिचारा. खुर्चीतून उचलून गाडीत बसवलं, सिस्टरच्या देखत "ताई, नीट बस गं," असंही म्हणाला. तुझ्यापेक्षा बरा वठला.

घरी आले आणि चार दिवसांनी तुझं पत्र आलं, 'एक माणूस हवा असल्याबाबत'. वाचून मला हसावं की रडावं कळेना. मग मी तुला पुस्तक पाठवलं. ते मला सोपं जातं. रोज येईल त्याला मी मैत्रीची पुस्तकं काढून देते, कोणाला कुठलं लागेल ते चेहरा बघून सांगते. मला मैत्रिणी नाहीत असंही नाही. पुष्कळ आहेत. पण त्यांतली सगळ्यांत मोठी नऊ वर्षांची आहे. आणि फॉर्मला सज्ञान व्यक्ती लागते.

एकेचाळीस नंबरला मी हे सांगितलं. वाटलं होतं, हसेल. ती म्हणाली, "मग तुम्ही तेराव्या पानावर कधी येणार?"

सोळा तारखेला सकाळी दहा वाजता प्लास्टर काढणार आहेत. फॉर्म आलाय. रकाना अजून भरलेला नाही. मी तुझी थोरली बहीण, त्रेसष्ट वर्षांत तुला कधी काही मागितलं नाही, नुसतं रागावले. छोट्या, येशील का?

ताई


११ मार्च

ताई,

येतो.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी प्रवासाला हरकत नाही म्हटलंय. पंधराला संध्याकाळी तुझ्याकडे पोचतो. दातांचे डॉक्टरही येणार आहेत. पायाचं त्यांना चालतं का हे मी तोंडी विचारून घेतलं. म्हणाले, हाडाचं काही वाटत नाही, आणि ताईंना बघायचंच आहे.

रकान्यात माझं नाव लिही. मी खाली थांबणार नाही. वर येईन आणि तुझ्या शेजारी बसेन.

छोट्या